झाडाचं औषध

माय,

तुझ्या चुलीशेजारच्या त्या पत्र्याच्या डब्याबद्दल आपण पुन्हा कधी बोललो नाही. एकोणीसशे साठच्या दशकातली गोष्ट. नागपूरच्या एका कारखान्यात फवारणीच्या डब्यांवरचा मराठी मजकूर लिहायची नोकरी मला लागली होती. रविवारी काटोलच्या बसमधून उतरून घरी येतो, तर तू त्या डब्यातून मीठ काढून वरणात टाकते आहेस. संत्र्यांवर फवारलेल्या विषाचा रिकामा डबा. मी ओरडलो. तू म्हणालीस, "औषधाचाच तं डबा आहे. आतून राखेनं घासला. अन् वरची अक्षरं तुयी आहेत, म्हणून ठेवला." कागद निघू नये म्हणून बाहेरून तू पाणीही लावलं नव्हतंस. शेजारणींना 'औषध' या शब्दावर बोट ठेवून दाखवायचीस, हे माझ्या लेकानं लिहिलं म्हणून.

मग मी सभेत बोलावं तसा चुलीसमोर बोललो. जे माणसाचा जीव घेऊ शकतं त्याला औषध म्हणणं ही फसवणूक आहे, वगैरे. तू वरण ढवळत होतीस. "मंग साहेबाले सांग ना बाप्पा. मले काहून सांगून राहिला?"

सोमवारी सांगितलं. नव्या मजकुरात 'औषध' खोडून 'विष' लिहिलं आणि कागद साहेबांपुढे ठेवला. विष म्हटल्यावर कोण घरी नेईल, त्यांनी विचारलं. मी म्हणालो, निदान कीटकनाशक म्हणू. त्यांच्या मते तो शब्द शेतकऱ्याच्या तोंडात बसणारा नव्हता, आणि त्यात ते चूक नव्हते, याचाच मला जास्त राग आला. शेवटी ते हसले. "भाषण चांगलं करता तुम्ही. चौकात करा. इथे डबा विकायचा आहे." धाकट्या बहिणीचं कॉलेज माझ्या पगारावर चाललं होतं, हे त्यांना ठाऊक होतं. मी खाली बसलो. 'औषध' मोठ्या अक्षरांत राहिलं, आणि तळाशी 'विषारी' आलं, तुझ्या डोळ्यांना दिसणार नाही एवढं बारीक. त्याच टेबलाशी मी म्हातारा झालो.

पुढच्या खेपेला मीठ बरणीत होतं. डब्याचं काय केलंस, मी विचारलं नाही. साहेब काय म्हणाले, तू विचारलं नाहीस.

नेमक्या शब्दासाठी मी आजही सभा गाजवतो. काल भावाशी फोनवर बोलत होतो. बाग कशी आहे ते विचारलं, आणि मग, "संत्र्याले औषध मारलं का गा?"

दुसरा शब्द तोंडात आलाच नाही, माय.