खडक बोलतो, नोना ऐकते

कालगुर्ली, ऑस्ट्रेलिया, ३ फेब्रुवारी, सकाळ.
मी बोलते, फोन लिहून घेतो. शाळेवाचून माझं काही अडलं नाही. बाहेर उकाडा, घरात माश्या. शी. माझी नात नेदा, मला नोना म्हणजे आजी म्हणते, कॉलेजच्या लॅबमध्ये दगड चेपते आणि यंत्र लावून त्याची कुरकुर ऐकते. तो कधी कुरकुरेल हे आधी कॉम्प्युटरकडून काढून घेते. कॉम्प्युटर कधी खाणीत उतरलाय? माझा आन्ते जन्मभर उतरला. “जमीन बोलतेय,” म्हणायचा आणि पळत सुटायचा. मी त्याचीच बायको. उद्यापासून नेदाला मदत.

४ फेब्रुवारी.
लॅबला ओल्या कुत्र्याचा वास. चहा म्हणजे कप विसळलेलं पाणी. नेदा दगडावर पेन्सिलीचं टोक मोडते. यंत्राचे कान तपासते म्हणे. एवढं शिकून हे. त्या खोल थरातले दोनच तुकडे उरलेत, खाणीचा तो भाग पाण्याखाली गेला. हे फसले की पोरीची दगडांतली डॉक्टरकीही पाण्यात. मला बजावलं, “नोना, कोपऱ्यात बस. कशालाही हात लावू नकोस.”
हात लावला नाही. काठी लावली. आन्ते दगड ठोकून बघायचा: खणखणीत वाजला तर पक्का, बद्द वाजला तर पळ. यंत्र दगड चेपत होतं तेव्हा मीही ठोकलं, त्याच्या लोखंडी पायावर, अगदी हळू, अधूनमधून. दगड पक्का आहे.

५ फेब्रुवारी.
कॉम्प्युटर म्हणतो, निम्म्या दाबापर्यंत दगड गप्प. यंत्र म्हणतं, पहिल्यापासून बडबडतोय. मी म्हटलं, कॉम्प्युटर खोटारडा. प्रोफेसरही म्हणाले, ते गणित फेकून दे. नेदा जेवली नाही, रडली. खरं पचायला वेळ लागतो.

८ फेब्रुवारी.
गुडघे सुजले. गेले नाही. माझ्याविना दुसरा तुकडा वाया जाणार.
संध्याकाळी: निम्म्यापर्यंत गप्प राहिला, कॉम्प्युटरने सांगितलं तिथेच फुटला. योगायोग. नाहीतर लाजाळू दगड.

१० फेब्रुवारी.
नेदा खूश. पहिली नोंदही वाचवली म्हणाली, त्यासाठी नवा प्रोग्रॅम लिहिला आणि नाव ठेवलं ‘नोना’. उशिरा का होईना, कदर झाली. चर्चमध्ये सगळ्यांना सांगितलं. पाद्रीबाबांना दोनदा.

११ फेब्रुवारी.
विचारलं, ही नोना करते काय गं? नेदाने बटण दाबलं. पहिल्या दिवशीची सगळी ठकठक पडद्यावरून नाहीशी झाली. दगड निम्म्यापर्यंत गप्प.
“जे दगडाचं नाही, ते पुसते,” म्हणाली. “आणि नोना, काठी दाराबाहेर ठेवत जा.”
चहा आजही घाण.
फोनला म्हटलं, कालचं पूस. बाकी सगळं ऐकतो मेला, एवढंच ऐकत नाही.