पंखा न फिरणारं कार्ड

२६ सप्टें., शुक्र.
ग्राफिक्स कार्ड बसलं एकदाचं. विलास भावोजी कल्याणहून कोपरीला स्वतः आले. ह्यांचे जुने मित्र. माझा कॉम्प्युटर पहिल्यापासून तेच बघतात. खोक्यावर लिहिलंय: ४ जीबी मेमरी, एक पंखा, वेगळी पॉवरची वायर लागत नाही. हे शेवटचं मला पटेना. म्हणाले, "वहिनी, छोटं कार्ड आहे, स्लॉटमधूनच वीज मिळते. तुमच्या अल्बमना बास." मी डिझाइन करते त्या लग्नाच्या अल्बमची पानं खरंच भराभर उघडली. पण मी चहा टाकायला आत गेले तेवढ्यात खोक्याचं सील फोडून मोकळे. माझ्यासमोर फोडायला काय झालं होतं?
सिलेंडरसुद्धा वजन केल्याशिवाय घेत नाही मी. आहे स्वभाव.

२८ सप्टें., रवि.
कार्डाचा पंखा फिरत नाही. टॉर्च मारून पाहिलं, दोनदा. भावोजी फोनवर: "गरम झालं की फिरतो, एरवी गप्प. सोय आहे ती." पंखा बंद असण्याला सोय म्हणतात, हे आज कळलं. काम मात्र पळतंय. बघू.

१ ऑक्टो., बुध.
खंडेनवमी. सगळ्या वायरी काढून कॉम्प्युटर पुसला, पाटावर मांडला. शेजारी ह्यांचे पाने, माझी कात्री. हळद-कुंकू, झेंडूचा हार. आज हत्यारांना सुट्टी, म्हणजे मलाही. संध्याकाळी सगळं परत जोडून टाकलं. कुणाची मदत लागली नाही.

४ ऑक्टो., शनि.
कॉम्प्युटर रखडतोय. पहिल्यासारखाच. नौपाड्याच्या स्टुडिओचा अल्बम सोमवारी द्यायचाय. ऋचाने स्क्रीनवर दाखवलं, कार्डाचा वापर शून्य टक्के. लेक म्हणते, "आई, कार्ड नुसतं बसून आहे."
म्हणजे जुनंच पुसूनबिसून माझ्या गळ्यात मारलं. तरीच सील!
हे म्हणाले, "विलास तसा नाही," आणि पेपरात तोंड घातलं. मित्राचा पुळका. अल्बमवाल्या बायकांच्या ग्रुपवर लिहिलं: विलासकडून कार्ड घेताना सील आपल्यासमोर फोडायला लावा, माझं आठ दिवसांत गेलं. सगळ्यांचे कॉम्प्युटर तेच बघतात, सावध करायला नको? मंजुषाचं लगेच आलं, "मलापण डाउट होताच."

७ ऑक्टो., मंगळ.
भावोजी आले. मी खुर्ची टाकून शेजारीच बसले, नजर त्यांच्या हातावर. कॅबिनेट उघडलंच नाही! नुसते मागे वाकले, दोन मिनिटं खुडबुड. "झालं."
"काय होतं?"
"काही नाही वहिनी, सैल झालेलं."
चहा न घेता गेले. आता वापर तीस टक्के, पानं पळतायत. कार्ड सैल झालं तर कॅबिनेट उघडावं लागेल ना? मला शेंडी लावतात! काहीतरी नक्की लपवलंय.

८ ऑक्टो., बुध.
लपवलंच होतं.
ऋचाला मागे बघायला लावलं. म्हणाली, "मॉनिटरची वायर लावायला दोन जागा आहेत. वरची मदरबोर्डची, खालची कार्डाची. वरच्या जागेला कुंकू लागलंय. पूजेनंतर तू वरती लावलेलीस, मग कार्डाला काम कुठून मिळणार? काकांनी काढून खाली लावली, बस."
कुंकवाची बोटं माझीच. ते भावोजींनाही दिसलंच असणार. तरी म्हणाले, सैल झालेलं. आणि मी त्यांच्या हातांवर पहारा देत बसलेले. इतकी लाज वाटली की जेवण गेलं नाही.

१० ऑक्टो., शुक्र.
मंजुषाचा फोन. तिने आणि अजून एकीने भावोजींना सांगितलेली कामं रद्द केली. "तू सांगितलंस म्हणून वाचलो गं." मी नुसतं हं हं केलं. त्यांचं ना दुकान, ना पाटी. एकीने दुसरीला नाव सांगायचं, त्यावर त्यांचं घर चालतं.

१२ ऑक्टो., रवि.
भावोजींना फोन लावला. माफी मागायची, ठरवूनच. त्यांनीच आधी विचारलं, "चालतंय ना वहिनी? भरवसा वाटत नसेल तर कार्ड परत नेतो."
म्हणजे त्यांच्या कानावर गेलंय.
"नाही हो, चालतंय," एवढंच तोंडातून निघालं. माफी न मागताच फोन ठेवला.
मग ग्रुपसाठी लिहिलं: कार्ड चांगलं आहे, वायर मीच चुकीच्या जागी लावलेली, विलास भावोजींची काही चूक नाही. चार वेळा वाचलं. ह्यांनी विचारलं, "पाठवलंस?"
म्हटलं, नेट गेलंय.