पेवातला पाला

आबा, मी अंगणात शेण कालवत होते. सारोळ्याच्या आपल्या घरासमोर सडा टाकून झाला होता, आईनं चुलीवर तवा चढवला होता, आणि तुम्ही गोठ्यामागून शिडी घेऊन आलात. कणगीतली ज्वारी संपत आली होती, जमिनीतलं धान्याचं पेव उघडायचं होतं. आदल्या दिवशी तुम्ही पेवाच्या तोंडावरचा दगड सरकवून आत कंदील सोडला होता, आणि वात अर्ध्यातच विझली होती. आतली हवा मेलीय, म्हणालात. मग रीतीप्रमाणे कडुलिंबाचा मोठा डहाळा दोराला बांधून वरखाली हलवला, तो आतच सोडला आणि गुरं पडू नयेत म्हणून दगड परत ओढला. पाला रातभर आत राहिला की हवा गोड होते, असं आपल्याकडं सगळेच मानायचे. डहाळा आईनं तोडून आणला होता.

शेणाच्या हातांनीच मी विचारलं, “आबा, कंदील आणू का?”

“उजाडलंय की, पोरी. रातभर पाला हाय आत. कंदील कशाला?”

तुम्ही शिडी उतरताय. मुंडासं दिसतं, मग तेही दिसत नाही. वरून चुलते हाक मारतात, तुम्ही ओ देत नाही. ते पुन्हा हाक मारतात आणि शिडीवर पाय ठेवतात, तशी आई स्वयंपाकघरातून धावत येऊन त्यांचं धोतर दोन्ही मुठींत धरते. चुलते शिव्या देतात, ती सोडत नाही. तव्यावरची भाकरी जळाल्याचा वास येतो. तो वास मला अजून येतो.

पुढं लग्न होऊन मी वेल्ह्याच्या डोंगरात, पासलीला आले. लेक लहान असतानाच तिचे वडील तापानं गेले. भाताची खाचरं मी एकटीनं सांभाळली आणि लेकीच्या पुस्तकांवरून अक्षरं जुळवत वाचायला शिकले. तिच्या शाळेच्या एका पुस्तकात होतं, की झाडाचं पान प्राणवायू सोडतं ते फक्त उजेडात. अंधारात ते आपल्यासारखंच तो घेतं. मी ती ओळ बोट ठेवून पुन्हा वाचली. त्या रात्री पेवाच्या तोंडावर दगड होता, आबा. पाल्यानं आत काही सोडलं नव्हतं, उलट थोडंफार घेतलंच असेल. आई तेव्हा जिवंत होती. तिला मी हे कधी सांगितलं नाही.

लेक भोरला बोर्डिंगात राहून शिकली, मग पुण्याला गेली. पान प्राणवायू कसा तयार करतं, यावरच ती संशोधन करायला लागली. याची गंमत वाटावी की धास्ती, हे मला कळेना. दिवाळीला घरी आली तेव्हा पालक निवडता निवडता मला समजावत होती. पालकाचा हिरवा रस बारीक काचेच्या नळीत भरायचा आणि नळी दोन मोठ्या लोहचुंबकांच्या मध्ये धरायची. वर प्रकाश पाडला की यंत्राचं पेन कागदावर वेडीवाकडी रेघ ओढतं. त्या रेघेवरून म्हणे कळतं, पान पाणी फोडून प्राणवायू काढतं तेव्हा पानातलं मँगनीज काय करतं ते. मी म्हटलं, आपल्या घरच्या पालकाची भाजी होते तेवढी बरी. ती हसली. मग सहज म्हणाली, नळी गारठवायला पातळ केलेला नायट्रोजन ओततात, तो उकळून वाफ जमिनीवर पसरते.

“आन् मग?”

“मग काय, जास्त सांडला तर हवेला बाहेर ढकलतो. दार उघडं ठेवायचं.”

“खोली कुठं हाय?”

“तळघरात. लोहचुंबक लई जड हाय, आई, वर ठेवता येत न्हाई. आन् अंधारच लागतो तिथं, मोजायच्या आधी रसाला उजेड चालत न्हाई.”

माझ्या हातातली जुडी सुटली. तिला वाटलं, अळी दिसली. भोरच्या शाळेत विज्ञान शिकवायला तिला बोलावणं आलं होतं, आणि तू म्हणशील तसं करते, असं ती आल्या दिवशीच म्हणाली होती. ये माघारी, एवढे दोनच शब्द म्हणायचे होते. ते ओठावर आले, आणि चुलत्यांचं धोतर धरलेल्या आईच्या मुठी दिसल्या. आईनं धरलं म्हणून चुलते म्हातारे होऊन मेले. पण जन्मभर ते तिच्याशी बोलले नाहीत.

लेक अजून त्याच कामात आहे. लोक तिचं कौतुक करतात तेव्हा मी मान हलवते. खरं सांगायचं तर मला कौतुक थोडं वाटतं, भीतीच जास्त. हे तुमच्याशिवाय कुणाला सांगणार, आणि तुम्हाला तरी कुठं पोचणार? लिहिलेला हा कागद डाळीच्या डब्यात ठेवीन.

त्या दिवाळीत मी तिला ये म्हटलं नाही, राहा असंही म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी ती पुण्याला निघाली, तेव्हा मी कंदिलाची काच राखेनं घासली, वात कापली, कंदील जुन्या लुगड्यात गुंडाळला आणि तिच्याबरोबर एसटीत बसले.