अकरा घोंगड्या आणि बसलेले पाव्हणे

मु. राणीसावरगाव, कार्तिक महिना, सन १९५७

मेहरबान उमाजी दाजींना धाकट्या मेहुण्याचा, येडबाचा, दोन्ही हातांनी रामराम. इकडं माणसं बरी हायेत, मेंढरं त्याहून बरी हायेत, तुमची खुशाली कळवावी. आक्काच्या गुडघ्याचं काय झालं? (मी सांगितलेला पाला बांधला असंल तर गुडघा बरा झालाच असंल. नसंल बांधला तर त्यात पाल्याचा कसूर न्हाई.) तर दाजी, तुमचा मेहुणा आता नुसता येडबा ऱ्हायला न्हाई, चेअरमन झालाय. घोंगडी विणकर सहकारी सोसायटीचा! निजामाचं राज्य गेलं, मुंबईचं आलं, आन् शिकल्या माणसाची कदर व्हायलीय. सोसायटीत सही येणारे दोघंच, मी आन् लिंबाजी. लिंबाजी येकदा मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसला की दिवस मावळंपर्यंत वर येत न्हाई, म्हणून मला एकमतानं निवडलं.

सोसायटी कशाला, तर पालमचा तो व्यापारी तुमाला ठावंच हाय. घोंगडी हातात घेतली की तोंड वाकडं करतो, लोकर जाड हाय म्हणतो, काळी हाय म्हणतो (काळ्या मेंढीची लोकर हिरवी असती काय?) आन् मनाला येईल तो भाव देतो. औंदा आमच्या थोरल्या चुलतीनं, केवळाबाईनं, सरळ सांगून टाकलं, की सूत काढून बोटांना घट्टे पडले, या बारीला रास्त भाव आला तर ठीक, न्हाई तर सूत काढायची चाती टाकून सडकेवर खडी फोडायला जाते. दाजी, केवळाबाईनं चाती टाकली तर तसं बारीक सूत काढणारं वाडीत दुसरं कुणी न्हाई. लिंबाजीचा माग बंद, समद्यांचे माग बंद. लय वाईट वाटलं मला. त्या दिवशी जेवण गोड लागलं न्हाई. (चार भाकरी खाल्ल्या, पण गोड लागल्या न्हाईत.)

तेवढ्यात सहकार खात्याच्या येका साहेबाचा निरोप आला, की परभणीत हातकामाचं प्रदर्शन भरायलंय, मुंबईच्या सरकारी दुकानाचा खरेदीदार येणार, माल पसंत पडला तर थेट विणकराच्या हातातून घेणार, मधी दलाल न्हाई. मग काय! अकरा नव्या घोंगड्या बांधल्या, केवळाबाईला संगट घेतलं आन् एसटीत चढलो. कंडक्टर म्हणायला लागला गठडं टपावर टाका, तर केवळाबाई म्हणायला लागली मग मी बी टपावर बसते. लय हुज्जत झाली. शेवटाला गठडं सीटवर बसून आलं आन् चेअरमन उभ्यानं परभणीला आला.

प्रदर्शनात आमाला येक टेबल दिलं. शेजारी टोपल्यावाले, मडकीवाले, समदे आपापल्या मालामागं हात बांधून उभे. सकाळी येक म्हातारा काठी टेकत आला आन् घोंगड्या बघत उभा ऱ्हायला. आता आलेलं माणूस उभं ऱ्हायलेलं केवळाबाईला कुठं चालतंय? तिनं वरची घोंगडी ओढली, झटकली, अंथरली आन् बाबाला बसवलं. मागून चौघं आले, त्यांना दुसरी. खोटं कशाला सांगू, मला ते लय आवडलं. दुसऱ्यांकडं माणसं बघून पुढं जायली, आमच्याकडं बसायली! मी टेबलावर चढून या, बसा, लाजू नका असं वरडायला लागलो. दुपारपर्यंत अकराच्या अकरा घोंगड्या जमिनीवर आन् त्यांच्यावर चाळीसभर माणसं. पाणी झालं, तंबाखू झाली, सोयरिकीच्या गोष्टी निघाल्या, येक पोलीस तर चक्क घोरायला लागला. मी मनात म्हणलं, येडबा, पहिला नंबर आपला.

आन् खरेदीदार साहेब आले. माल कुठंय म्हणाले. मी म्हणलं, हे काय, मालावरच बसल्यात समदे. साहेब हसले, म्हणाले येखादी उचलून दाखवा. आता आपली रीत तुमाला ठावं हाय, पाव्हणा टेकला की ती घोंगडी घरची झाली, मग ती इकायची न्हाई. (मला बी ठावं हाय. टेबलावर चढल्यावर ध्यानात ऱ्हायलं न्हाई, एवढंच.) मी चुलतीच्या कानात म्हणलं, झटकून देऊन टाक, मुंबईच्या माणसाला काय कळतंय. ती मोठ्यानं म्हणाली, "मला कळतंय ना." झालं! साहेब तिच्याकडं बघतच ऱ्हायले. मग बूट काढून खाली बसले, लोकरीवरून हात फिरवला, सूत काढायला किती दिवस लागतात ते तिला इचारत बसले. चेअरमन कोण, हे कुणी इचारलंच न्हाई. जाताना मला येक चिठ्ठी लिहून दिली. थोडक्यात काय, मुंबईच्या सरकारची ऑर्डर खिशात घालून मी वाडीत आलो. हलगी वाजली, गूळ वाटला. पालमच्या व्यापाऱ्यानं आता दुसरा धंदा बघावा.

आक्काला नमस्कार, लेकरांना पापे.

आपला मेहुणा,
येडबा, चेअरमन

ता. क. चिठ्ठी इंग्रजीत व्हती, ती काल शाळेच्या मास्तरानं वाचली. ऑर्डर न्हाई त्यात. माल मनात भरला पण कुणी इकंना, पौषातल्या प्रदर्शनाला परत येतो, दहा नव्या घोंगड्या दाखवा, भाव विणकरांनीच सांगावा, असं हाय. भाव आपण सांगायचा, दाजी! केवळाबाईनं तीनदा वाचून घेतलं आन् सूत काढायला बसली. पण दहा घोंगड्यांचं सूत येकटीच्यानं व्हायचं न्हाई, म्हणून आक्काला दोन महिने माहेरी धाडा. चेअरमन म्हणून न्हाई, भाऊ म्हणून मागायलोय.

ता. क. दुसरा. या बारीला टेबलापुढं दोरी बांधू, कुणाला बसू द्यायचं न्हाई, असं मी म्हणलं व्हतं. केवळाबाईनं नुसतं माझ्याकडं बघितलं आन् मी दोरी ठेवून दिली. माणसं बसणारच. त्या अकरा घोंगड्या तिनं वाडीतल्या म्हाताऱ्यांना थंडीला वाटून टाकल्या. मी परत मागायला गेलो तर पहिल्याच घरी मला चहा पाजून वाटंला लावलं. तवा आक्कासंगट तुमच्या घरच्या वापरातल्या घोंगड्या, असतील तेवढ्या, पाव्हणे बसवायला धाडाव्यात. आन् हे पत्र वाचताना बुडाखाली असंल, ती बी.