पंख्याची तिसरी वायर

गेवराई, मंगळवार, संध्याकाळ

लेकीनं दुकानाच्या कॅमेऱ्यासाठी घरात बसवून दिलेल्या छोट्या कॉम्प्युटरचा पंखा आज एकदाचा वठणीवर आला. डबी गार असली तरी सारखा घरघरायचा. तिसरी वायर, गार झाल्यावर पंखा थांबवणारी कंट्रोलची, सैल होती. जन्मभर कूलर दुरुस्त केले, अन् एवढं दिसलं न्हाई कावून? वायर नीट दाबली, तसा पंखा थांबला. घर लई शांत झालं.

तेवढ्यात पुण्याहून तिचा फोन. पंखा बिघडल्यापासून रोज येतोय. आधी सणासुदीलाच यायचा.

"अण्णा, थांबला का पंखा?"

मी ती तिसरी वायर हळूच काढली. घरघर पुन्हा सुरू.

"न्हाई गं. ऐक, फिरतोच हाय."

"बरं. उद्या करते परत फोन."