पट्ट्यांमधली धसकटं

सिल्वासा, सोमवार, संध्याकाळ

आज जमनाबेनवर चिडायचं होतं, जमलं नाही. खेरडीच्या त्यांच्या शेतात परवा मी आमच्या कारखान्याचं नवं यंत्र चालवलं. पेरणीपुरते अरुंद पट्टे तेवढे नांगरायचे, मधली जमीन मक्याच्या धसकटांसकट तशीच ठेवायची, म्हणजे ओल टिकते. उद्या पुण्याचे मोठे साहेब हेच बघायला येणार आहेत.

आज जाऊन बघतो तर अख्खं शेत तळहातासारखं साफ!

"साहेब, तुमचं मशीन अर्धं काम ठेवून गेलं," जमनाबेन म्हणाल्या. "मी धसकटं उपटली, भावाचा ट्रॅक्टर फिरवला, पूरं करून टाकलं. तुमची लाज जायला नको."

पात्यांबद्दल, डिझेलबद्दल त्यांना सगळं सांगितलं होतं. धसकटं मुद्दाम ठेवलीत, एवढंच राहिलं. की त्यांना सांगावं असं मला वाटलंच नाही?

"आता बरं दिसतंय ना?"

"छान दिसतंय," म्हणालो.

निघताना त्यांनी धसकटांची एक मोळी माझ्या स्कूटरला बांधून दिली, चुलीसाठी. माझ्याकडे कुठली चूल? मोळी बाल्कनीत पडली आहे. उद्या साहेबांना दाखवायला तेवढीच उरली आहे.