भावना दुखावण्याची माझी नेमणूक

४ जानेवारी, सकाळी
आजपासून रोज लिहिणार. चार ओळी तरी. शाळा चौथीत सुटली, पण अक्षर अजून गोल आहे. लिहायचं कारण म्हणजे मी कमिटीवर आहे. कॉलेजच्या. आमची नात भिंगरी (पाय एका जागी ठरत नाहीत म्हणून भिंगरी) तिथे शेवटच्या वर्षाला आहे, तिनेच माझं नाव सुचवलं. गॅदरिंगची नाटकं यंदा आधी कमिटी वाचणार आणि मग पास करणार. गेल्या वर्षी एका मुलाच्या नाटकात प्रिन्सिपॉलांचं घड्याळ उलटं चालत होतं, त्यावरून कुणाच्या तरी भावना दुखावल्या. कुणाच्या ते सापडलं नाही, पण दुखावल्या हे नक्की. म्हणून यंदा एक सामान्य नागरिक हवा होता. भिंगरीनेही एक नाटक लिहिलंय. पुढच्या वर्षी ती कॉलेजात नाही, तेव्हा स्टेज मिळालं तर आत्ताच. मला म्हणाली, आजी, तू फक्त हो म्हणायचंस. मी म्हटलं, बाळा, तुझ्या आजोबांपुढे जन्मभर दुसरं काय केलं?

संकल्प : भिंगरीचं नाटक पास करून आणणे. तोंड कमी उघडणे.

६ जानेवारी, दुपारी
पहिली मीटिंग. न्यायला गाडी आली. समोरचा गॅरेजवाला बघत होता, म्हणून जरा सावकाश चढले. गुडघ्यांमुळेही.

टेबलावर माझ्यापुढे पाटी, 'सामान्य नागरिक'. अध्यक्ष म्हणजे रिटायर झालेले मोठे ऑफिसर, आवाज असा की पंखासुद्धा बिचकून फिरतो. शिवाय भाषेच्या मॅडम, आणि प्रिन्सिपॉल. ते सारखा घाम पुसतात. अध्यक्ष म्हणाले, माझ्या भावना कशानेच दुखावत नाहीत, मला काळजी लोकांची. मॅडम म्हणाल्या, माझंही तसंच. प्रिन्सिपॉल म्हणाले, मला भावना परवडतच नाहीत. मग तिघंही माझ्याकडे बघायला लागली. लोक म्हणजे मीच की.

दोन नाटकं वाचली. मला दोन्ही आवडली, तसं सांगितलं. अध्यक्षांचं तोंड उतरलं. डॉक्टरने पोट दाबून इथे दुखतं का विचारावं आणि आपण नाही म्हणावं, तसं. वेफर्सची बशी मॅडमच्या पुढेच राहिली.

९ जानेवारी
विचार केला, एवढी खुर्ची दिलीय तर काहीतरी दुखायला हवं. आयतं बसून खायचं आपल्या रक्तात नाही. मात्र लहानसंच दुखवून घ्यायचं, तेही दुसऱ्यांच्या नाटकात.

आज एका सैनिकाचं नाटक होतं. लढाईवरून येतो आणि बूट न काढता थेट आईच्या खोलीत. मी म्हटलं, हे मला खटकलं. अध्यक्ष खुर्चीत पुढे सरकले. म्हणाले, ही नजर आमच्याकडे नाही. बूट कट. आता सैनिक लढाईवरून अनवाणी येणार. बशी माझ्याकडे आली.

घरी सगळं सांगितलं. चिरंजीव पेपरच्या मागून हसले. सूनबाई म्हणाली, आई, जपून हं, चटक लागते. वेफर्सबद्दल म्हणाली असणार. तेलकट होतेच.

१३ जानेवारी, संध्याकाळी
आज आमचं नाटक. मॅडमनी मोठ्याने वाचलं. एका घरातले आजोबा गेलेत, शोकसभा भरलीय. जो उठतो तो म्हणतो, देवमाणूस. मग म्हातारी उठते. म्हणते, घोरायचे. कंजूष होते. आणि शेवटी म्हणते, "भाजीत मीठ कमी पडलं की यांना पहिल्या घासाला कळायचं. घरात मी कमी होत गेले, ते मात्र कळलं नाही."

अंगावर काटा आला. वाक्य माझंच ना. मटार सोलताना भिंगरीला कधीतरी बोलले होते. कार्टीने जसंच्या तसं उचललंय, मीठसुद्धा. आतल्या आत असा आनंद झाला की विचारू नका.

तेवढ्यात अध्यक्षांनी चष्मा काढला. म्हणाले, "असं कुठली बाई बोलते का हो? तुम्ही बोलाल?"

तिघंही बघत होती. चहा घेऊन आलेला शिपाईसुद्धा थांबला. आता चार लोकांत, पुढे पाटी असताना, काय म्हणणार? मी म्हटलं, छे.

अध्यक्षांनी लिहून घेतलं. वाक्य कट.

काही बिघडत नाही. एका वाक्याने काय होतं? बाकीचं नाटक मी पास करवून घेणारच.

१६ जानेवारी
वाक्य गेल्यावर म्हातारीला उठायचं कारणच उरलं नाही, असं मॅडमचं म्हणणं. बरोबरच होतं. म्हातारी बसूनच राहणार. घोरणं कट, कारण सभागृहात पुष्कळ जण घोरत असतील. कंजूषपणा कट, कारण देणगीदार पहिल्या रांगेत बसतात. हे प्रिन्सिपॉलांनी सांगितलं, घाम पुसत.

मग मला वाटलं, आपलंही काहीतरी असावं. म्हटलं, शोकसभेने म्हाताऱ्या माणसांना उगीच धास्ती बसते. अध्यक्षांनी टेबलावर थाप मारली. म्हणाले, तर मग मृत्यूच कट.

तेव्हा आता आजोबा मेलेले नाहीत. बाहेरगावी गेलेत, गुरुवारी येणार आहेत. तोवर घरचे बसून त्यांना देवमाणूस म्हणतात. नाटक कसं आटोपशीर झालं. वेळही वाचला. निघताना अध्यक्ष मला गाडीपर्यंत सोडायला आले. आमच्या ह्यांनी कधी उंबऱ्यापर्यंतही सोडलं नव्हतं.

१७ जानेवारी
भिंगरी जेवली नाही. तिच्या आईने विचारलं तर म्हणाली, पोट भरलंय. मी जवळ बसले, पाठीवरून हात फिरवला, समजावलं की बाळा, दूध उतू जायला लागलं की गॅस बारीक करावा, ओट्यापाशी फुरंगटून बसू नये. आजोबा जिवंत राहिले, कुणाचं नुकसान झालं? तिने माझा हात बाजूला केला. मग म्हणाली, "आजी, ते वाक्य तुझं होतं."

मी म्हटलं, "म्हणून तर कापायचा हक्क माझा."

काय बोलले मी. बोलून झाल्यावर स्वतःच स्वतःवर खूश झाले. ती उठून गेली. एवढ्या तेवढ्यावरून रुसायचं वय आहे.

२० जानेवारी
भिंगरीने नाटक मागे घेतलं. तिच्या जागी कॉलेज समूहगीत बसवतंय. शब्द कमिटीने पाहिलेत. तिसऱ्या कडव्यात वारा होता, तो मी जरा मंद करायला सांगितला.

नोटीस बोर्डावर कागद लागलाय म्हणे. सूनबाईने फोनवर फोटो दाखवला. 'नागरिकांच्या तीव्र भावना लक्षात घेऊन' असं आहे. तीव्र कुठल्या? मला तर त्या दिवशी थोडी भूक लागली होती. पण छापील अक्षरात बरं दिसतं.

संकल्प : भिंगरीला स्वेटर विणणे. राग आपोआप उतरेल.

२४ जानेवारी
स्वेटर नको म्हणाली. रंग आवडला नसेल.

घरात काहीतरी कुजबुज चाललीय. मी स्वयंपाकघरात गेले की चिरंजीव एकदम हवापाण्यावर बोलायला लागतात. माझ्या सत्काराचं वगैरे असणार. मी काही कळल्याचं दाखवत नाही.

२८ जानेवारी, संध्याकाळी
सत्कार नव्हता.

समोरच्या गॅरेजवाल्याने गाड्या बाहेर काढल्या आणि जागा भिंगरीला दिली. आख्खं नाटक, न कापता. सहा वाजल्यापासून लोक आपापल्या खुर्च्या घेऊन निघाले होते. मीही साडी बदलली, केस नीट केले. दारात सूनबाईने हात धरला. आवाज न चढवता, अगदी मऊपणे म्हणाली, "आई, तुम्ही नका येऊ. तुमच्या भावना दुखावतील."

टोमणा असता तर परतवला असता. पण तिला खरंच तसं वाटत होतं. चिरंजीव चपला शोधायच्या निमित्ताने खाली वाकले ते वाकलेच. भिंगरी केव्हाच पुढे गेली होती. ती असती तर मला नेलं असतं. बहुतेक.

गॅलरीत उभी राहिले. शटर अर्धं खाली होतं. नुसती पावलं दिसत होती, माणसं नाहीत. पहिल्या रांगेत एक चकचकीत बूट होता, तो अध्यक्षांचा. मी आजवर तो टेबलाखाली पुष्कळ पाहिलाय. हसताना जमिनीवर आपटत होता.

घोरण्याला लोक हसले. कंजूषपणाला त्याहून जास्त हसले. मीही हसले, सगळ्यांच्या थोडी मागून. मग एकदम सगळं शांत झालं. खुर्ची सरकल्याचा आवाजही नाही. म्हटलं, आता वाक्य आलं. कान दिला, पण ऐकू आलं नाही. कोण म्हणतंय तेही दिसेना. नुसते दोन पाय, अनवाणी, जरा लांब लांब ठेवलेले. म्हातारी उभी राहते तसे.

मग मीच म्हटलं. मीठ कमी पडलं तिथपासून, शेवटपर्यंत. आधी हळू, मग जरा मोठ्याने.

कुणीच ऑब्जेक्शन घेतलं नाही. ऐकायला होतं कोण?